नावात 'एअरपोर्ट' असलेली तीन स्थानकं आणि एकच टर्मिनल: नागपूरला उतरणाऱ्यांसाठी

नागपूर मेट्रोच्या ऑरेंज लाइनवर नावात 'एअरपोर्ट' असलेली तीन स्थानकं आहेत: एअरपोर्ट, एअरपोर्ट साउथ आणि न्यू एअरपोर्ट. यातलं एकही टर्मिनलच्या दारात उतरवत नाही. पहिल्यांदा येणारा माणूस नकाशावर 'न्यू' शब्द बघतो, नवी इमारत तिकडेच असणार असं धरून चालतो आणि खापरीच्या अलीकडे सामानासकट उतरतो. तिथून टर्मिनलला पायी जायची सोय नाही. उलट्या दिशेची गाडी पकडून दोन स्थानकं मागे यायचं, म्हणजे गाडीची वाट धरून वीस-पंचवीस मिनिटं गेली. चेक-इन काउंटर बंद व्हायला तेवढीच उरलेली असतील तर विमान गेलंच समजा. ही चूक नवख्या माणसाची नाही, नावाची आहे. म्हणून ही नोंद त्या नावापासूनच सुरू केली आहे.

उतरायचं स्थानक म्हणजे नुसतं 'एअरपोर्ट'. बर्डीहून, म्हणजे सीताबर्डी इंटरचेंजवरून, खापरीकडे जाणारी गाडी घ्यायची. काँग्रेसनगर, रहाटे कॉलनी, अजनी, छत्रपती चौक, जयप्रकाशनगर, उज्ज्वलनगर आणि मग एअरपोर्ट. उज्ज्वलनगर गेलं की बॅग हातात घेऊन दाराशी उभं राहायचं. पुढची एअरपोर्ट साउथ आणि न्यू एअरपोर्ट ही दोन्ही विसरून जायची. न्यू एअरपोर्टचं नाव आराखड्यातल्या टर्मिनलकडे बघून ठेवलेलं आहे, आज चालू असलेल्या टर्मिनलकडे बघून नाही. घरच्या म्हाताऱ्या माणसाला एकट्याने पाठवायचं असेल तर हे कागदावर मराठीत लिहून द्या. तोंडी सांगितलेलं 'एअरपोर्टला उतरा' हे वाक्य तीन ठिकाणी खरं ठरतं.

आता खरा वाईट पट्टा. एअरपोर्ट स्थानक वर्धा रोडवर आहे आणि टर्मिनल आत, सोनेगावच्या बाजूला. मधलं अंतर किलोमीटर ते दीड किलोमीटर. कागदावर हे काहीच नाही, पंधरा-वीस मिनिटांची चाल. पाठीवर सात किलोची सॅक असलेला धडधाकट माणूस डिसेंबरात हे अंतर गाणं म्हणत पार करेल. पण प्रवासी बहुतेक वेळा तसा नसतो. त्याच्याकडे पंधरा किलोची चाकांची बॅग असते, दुसऱ्या हातात बर्फीची पिशवी असते, सोबत लहान मूल असतं. स्थानकाचा फलाट उंचावर आहे, लिफ्टने खाली यायचं, वर्धा रोडची वाहतूक सांभाळायची आणि मग आतला रस्ता धरायचा. चाकाच्या बॅगेला गुळगुळीत फरशी लागते. रस्त्याच्या कडेची खडी आणि फुटपाथची चढ-उतार यांत छोटी चाकं अडकतात, बॅग आडवी पडते, आणि सगळं वजन मनगटावर येतं. जी बॅग विमानतळाच्या आत एका बोटाने ढकलता येते, ती इथे शंभर मीटरमध्ये घाम काढते.

आणि मे महिना असेल तर हा पट्टा पायी चालूच नका. नागपूरचा पारा मेमध्ये ४५ अंशांवर जातो, २३ मे २०१३ ला तो ४७.९ वर गेला होता. दुपारी बारा ते चार या वेळात डांबराची धग खालून येते आणि गरम वारा समोरून. नागपूरकर त्या वेळी डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय बाहेर पडत नाही, ती काही फॅशन नाही. चालायचीच वेळ आली तर डोकं आणि कान झाकलेले हवेत, पाण्याची भरलेली बाटली हवी आणि निघण्याआधी अर्धा लिटर पाणी पोटात हवं. मुंबई-पुण्याच्या माणसाला इथल्या कोरड्या उन्हात घाम आल्याचं कळतच नाही, कारण तो अंगावर टिकत नाही, लगेच उडून जातो. तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो. डोकं जड होणं, मळमळणं ही ऊन लागल्याची सुरुवात असते. त्या अवस्थेत सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभं राहणं फार वाईट.

स्थानक ते टर्मिनल अशी फीडर गाडी किंवा ई-रिक्षा मिळाली तर बिनधास्त घ्या. पण ती मिळेलच असं धरून वेळेचं गणित मांडू नका. गणित असं मांडा: बर्डी ते एअरपोर्ट स्थानक वीस-पंचवीस मिनिटं, गाडीची वाट दहा-पंधरा मिनिटं, स्थानकाबाहेर पडून वाहन शोधून टर्मिनल गाठायला वीस मिनिटं. म्हणजे बर्डीवरून तास धरायचा. थेट ऑटो किंवा कॅबने हेच आठ-एक किलोमीटर अंतर, रस्ता मोकळा असेल तर, अर्ध्या वेळात होतं. एकटा माणूस, हलकं सामान, दिवसाची वेळ: मेट्रो उत्तम, स्वस्त आणि वातानुकूलित. दोनपेक्षा जास्त माणसं किंवा दोनपेक्षा जास्त बॅगा: मेट्रोचा नाद सोडा, कॅब करा. यात मधला मार्ग नाही.

मेट्रोची दुसरी अडचण घड्याळाची. ती साधारण सकाळी सहा ते रात्री दहाच्या आसपास धावते. नागपूरची आखाती देशांची विमानं मात्र पहाटे येतात आणि पहाटेच जातात. शारजा आणि दोहाच्या प्रवाशांना मेट्रोचा उपयोग शून्य. मुंबई-दिल्लीचं रात्रीचं शेवटचं विमान तासभर उशिरा आलं की त्या प्रवाशांचीही तीच गत. हे विमानतळ मुळात रात्रीचंच आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेच्या आत ती आपापल्या शहरांकडे परतायची. देशाच्या मधोमध असल्याचा तो चोख उपयोग होता, आणि १९७३ पर्यंत तो चालला. आजही वरून जाणाऱ्या एखाद्या विमानात प्रवाशाची तब्येत बिघडली किंवा काही तांत्रिक दोष आला की अनेकदा वैमानिक नागपूर मागतो. रात्री काम करायची सवय धावपट्टीला आहे, शहराच्या वाहतुकीला नाही. बाहेरच्या माणसाला त्रास होतो तो इथेच.

रात्री उतरल्यावर भाड्यात लुबाडणूक कशी होते ते नीट समजून घ्या, कारण पद्धत ठरलेली आहे. बाहेरच्या दारातून पाऊल टाकताच दोन-तीन माणसं हातातल्या ट्रॉलीलाच हात घालतात. पहिला प्रश्न 'कुठे जायचं?' आणि दुसरा 'पहिल्यांदाच आले का?' दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर भाडं ठरतं. मग सांगितलं जातं की या वेळेला ॲपच्या गाड्या आत येत नाहीत, मेट्रो बंद झाली, बर्डीला रस्ता खोदलाय. यातली मेट्रोची गोष्ट तेवढी खरी असते. मागितलेला आकडा ॲपवर दिसणाऱ्या भाड्याच्या दुप्पट, कधी अडीचपट असतो, आणि थोडी घासाघीस करून तो दीडपटीवर आला की माणसाला जिंकल्यासारखं वाटतं. तीच फसगत.

उपाय असा. विमान थांबल्यावर सगळे वरून बॅगा काढायला उभे राहतात, त्या पाच-सात मिनिटांत फोन चालू करून ॲपवर भाडं बघून ठेवा, गाडी अजून बुक करू नका. बॅग बेल्टवर यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. आत्ताच बुक केलं तर चालक येऊन थांबतो, वाट बघण्याचं शुल्क सुरू होतं किंवा तो फेरी रद्द करतो. बॅग हातात आल्यावर, पण इमारतीतून बाहेर पडण्याआधी बुक करा. आत उभं राहून बुक केलं की मागे कुणी लागत नाही. ॲपवर गाडी मिळत नसेल तर आतल्या प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीवर पावती घ्या आणि पावतीचा प्रवाशाचा भाग उतरेपर्यंत चालकाला देऊ नका. पावतीवर ठिकाण नुसतं 'नागपूर सिटी' लिहू देऊ नका. मानेवाडा, मनीषनगर, सदर, जरीपटका, जिथे जायचं असेल ते नाव लिहून घ्या. वाटेत 'हे तर लांब आहे, वरचे द्यावे लागतील' हा वाद त्या एका शब्दाने मिटतो. आणि बोलताना 'भाऊ, छत्रपती चौकातून घ्या' असं चौकाचं नाव घेऊन बोला. रस्ता माहीत आहे एवढं कळलं की आकडा आपोआप खाली येतो.

रस्त्याबद्दल एकच सांगतो. वर्धा रोडवर खाली मूळ रस्ता, मधे वाहनांचा पूल आणि वर मेट्रो अशी तीन मजल्यांची रचना आहे, सुमारे ३.१४ किलोमीटर लांब. अजनीच्या पलीकडे जायचं असेल तर पुलावरून जा. छत्रपती चौक किंवा त्याच्या आजूबाजूला जायचं असेल तर पुलावर चढू नका, चढलात की मधे उतरता येत नाही आणि मागे फिरून यावं लागतं. चालक नवा असेल तर हे आधीच सांगा.

पुढची गाडी रेल्वेची असेल तर आणखी एक नाव फसवतं. अजनी रेल्वे स्थानकासाठी अजनी मेट्रो स्थानकावर उतरू नका, काँग्रेसनगर जास्त जवळ पडतं. नागपूर मुख्य रेल्वे स्थानकासाठी बर्डीला ऑरेंज लाइन सोडून ॲक्वा लाइनची प्रजापतीनगरकडे जाणारी गाडी घ्यायची. कॉटन मार्केट, मग नागपूर रेल्वे स्थानक, दोनच स्थानकं. बर्डीला बदलताना एकाच इमारतीत मजला बदलावा लागतो, सामान असेल तर सरकत्या जिन्याऐवजी लिफ्ट शोधा. गणेशपेठच्या एसटी स्थानकाला त्यातल्या त्यात कॉटन मार्केट जवळ. विमान उतरण्याची वेळ आणि रेल्वेची वेळ यांत अडीच तासांहून कमी अंतर ठेवलं तर ती जोखीम आहे, तीन तास ठेवा.

समृद्धी महामार्गाने वर्धा, अमरावती, वाशिमकडे जाणाऱ्यांना ठाम सांगणं आहे. महामार्गाचं नागपूरचं टोक शिवमडक्याला, मिहान या औद्योगिक क्षेत्राच्या बाजूला आहे, विमानतळावरून ते सोयीचं पडतं. पण पहाटेच्या आखाती विमानातून उतरून, रात्रभर जागा असलेला माणूस स्वतः गाडी चालवत त्या रस्त्यावर जात असेल तर त्याने जाऊ नये. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा नागपूरकडचा भाग सरळसोट आहे, वेगमर्यादा १२० ची, समोर काहीच बदलत नाही, आणि डोळे उघडे असतानाही मेंदू झोपतो. घ्यायला आलेल्या माणसानेही रात्र जागून काढलेली असते, हे कुणी मोजत नाही. दोन तास टर्मिनलच्या खुर्चीत झोपा, तर्री पोहे खा, उजाडू द्या, मग निघा. निघण्याआधी टायर बघा. उन्हाळ्यात सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर सतत वेगात धावताना हवा वाढलेला किंवा बाजू चिरलेला टायर फुटतो.

ताडोबाला जाणाऱ्यांनी सकाळच्या विमानाने येऊन सकाळचीच सफारी गाठायचा बेत आखू नये, प्रवेशद्वारं पहाटे उघडतात आणि रस्ता अडीच-तीन तासांचा आहे. मंगळवारी ताडोबा बंद असतं. बाकी दीक्षाभूमी, शून्य मैलाचा दगड, बर्डीचा बाजार हे सगळं सोपं आहे, त्यात सांगण्यासारखी अडचण नाही.

परतीच्या प्रवासाकडे येऊ. टर्मिनल २००८ साली उघडलं, सुमारे साडेसतरा हजार चौरस मीटरचं, देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय दोन्ही एकाच छताखाली. तेव्हाच्या मानाने ते ऐसपैस होतं. २०१९-२० पर्यंत वर्षाची प्रवासीसंख्या तीस लाखांच्या आसपास पोचली. इमारत तेवढीच राहिली. याचा परिणाम दिवसभर जाणवत नाही, तो ठरावीक तासांत जाणवतो. तीन-चार विमानं लागोपाठ सुटणार असली की प्रवेशदारापासून सुरक्षा तपासणीपर्यंत सगळी रांग एकाच वेळी फुगते आणि तासाभराने तोच हॉल रिकामा होतो. म्हणून 'नागपूरला गर्दी नसते, पाऊण तास आधी पोचलं तरी चालतं' हा सल्ला देणारे लोकही खरं बोलत असतात, ते रिकाम्या तासात गेलेले असतात. ऐकू नका. देशांतर्गत विमानासाठी काउंटर साधारण साठ मिनिटं आधी बंद होतं, विमानात चढायचं दार पंचवीस मिनिटं आधी. सामान द्यायचं असेल तर दोन तास आधी टर्मिनलच्या दारात हवं, फक्त हातातली बॅग आणि वेब चेक-इन झालेलं असेल तर दीड तास. आंतरराष्ट्रीयला तीन तास, कारण इमिग्रेशनची खिडकी मोजकी आणि एकाच विमानाचे सगळे प्रवासी एकदम येतात.

वर्षातले दोन काळ या हिशेबात वेगळे धरा. डिसेंबरातलं विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन: वर्धा रोडवर ताफ्यांसाठी वाहतूक थांबवली जाते, कितीदा आणि किती वेळ ते सांगता येत नाही, अर्धा तास जास्त घ्या. दुसरा धम्मचक्र प्रवर्तन दिन: दसऱ्याच्या आसपास दीक्षाभूमीकडे लाखो लोक येतात, रहाटे कॉलनी-लक्ष्मीनगर भागातले रस्ते बंद किंवा वळवलेले असतात. त्या दिवसांत शहरातून विमानतळाला यायला मेट्रोच बरी, शेवटचा वाईट पट्टा धरूनसुद्धा.

आता संत्री, कारण हातात संत्र्यांचं खोकं नसलेला प्रवासी हंगामात इथून क्वचित निघतो आणि निम्म्यांची संत्री घरी पोचेपर्यंत रस होऊन जातात. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, फोडींपासून सुटलेली. सोलायला सोपी, पण बाहेरून दाब आला की तो थेट फोडीवर बसतो. लिंबा-मोसंबीसारखी घट्ट साल तिला वाचवायला नसते. खोकं चेक-इनमध्ये दिलं की त्यावर वीस किलोच्या बॅगा पडतात, तळाचा थर फुटतो, रस पुठ्ठ्यात मुरतो, पुठ्ठा मऊ होतो आणि बेल्टवर खोकं तळातून उघडं येतं. द्यायचंच असेल तर घट्ट, किंचित हिरवट फळ घ्या, देठ कापलेलं असू दे, ओढून तोडलेलं नको. देठ ओढला की तिथे साल फाटते आणि आधी तिथूनच कुजतं. प्रत्येक थरामध्ये वर्तमानपत्राचे चार पदर घाला, तळाला आणि झाकणाला दुहेरी पुठ्ठा, बाजूंना बोटभर भोकं, आणि चिकटपट्टी तळावरून दोन्ही दिशांनी फिरवा. नुसती झाकणाच्या फटीवर लावली तर उपयोग नाही. चार-पाच किलो असतील तर सरळ कापडी पिशवीत हातात न्या, केबिनच्या सात किलोंच्या मर्यादेत. छोट्या एटीआर विमानात वरचे कप्पे लहान असतात, बॅग शिडीपाशी काढून घेतली जाते, तेव्हा संत्र्यांची पिशवी वेगळी आणि हातात राहील अशी ठेवा. संत्र्याचे बहार, म्हणजे फुलोऱ्याचे हंगाम, दोन: आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्च. मे महिन्यात टर्मिनलजवळ कुणी 'नागपुरी' म्हणून चकचकीत घट्ट सालीची फळं विकत असेल तर घेऊ नका.

संत्रा बर्फी हातातल्या बॅगेत चालते. सावजी मसाला, तिखट आणि तेलातलं लोणचं हातात नेऊ नका, तपासणीत काढलं जातं. चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून, लोणच्याची बरणी कपड्यांच्या मधोमध. पॉवर बँक मात्र उलटी: चेक-इनमध्ये अजिबात नाही, हातातच. १०० वॅट-तासांपर्यंतची विनापरवानगी चालते, म्हणजे साधारण २७,००० एमएएच. ज्या पॉवर बँकेवरचा आकडा पुसला गेलाय ती घरी ठेवा, तपासणारा जवान अंदाजाने सोडत नाही.

आत गेल्यावर पाण्याची बाटली घ्यायची वेळ येऊ देऊ नका. रिकामी बाटली सोबत ठेवा, तपासणीनंतर पिण्याच्या पाण्याच्या नळावर भरा. एकाच सीलबंद वस्तूवर दोन ठिकाणी दोन वेगळ्या छापील किमती नसाव्यात असा नियम २०१८ पासून आहे, पण त्यातून वाट काढून वेगळ्या नावाचं, जास्त किंमत छापलेलं पाणी ठेवलं जातं. टेबलावर बसून वाढून घेतलं तर छापील किमतीपेक्षा जास्त लावता येतं. म्हणून बाटली हातात घेऊन किंमत वाचा, पैसे नंतर द्या. छापील किमतीपेक्षा जास्त मागितले तर बिल मागा. बिल मागितलं की बहुतेक वेळा जास्तीची मागणी तिथेच थांबते.

उशिराचं गणित. नागपूरला धावपट्टी एकच आहे, ३,२०० मीटर लांब. हवाई दलाचा तळही इथेच आहे, आणि मिहानमधल्या विमान दुरुस्ती केंद्रात येणारी मोठी विमानंही याच पट्टीवर उतरतात. लांबी भरपूर आहे, उन्हाळ्यातल्या विरळ हवेतही ती पुरते. कमी पडते ती दुसरी पट्टी. २०२४-२५ मध्ये धावपट्टीच्या पुनर्लेपनासाठी ती सकाळी दहा ते संध्याकाळी सहा बंद ठेवावी लागली आणि दिवसाची सगळी विमानं दोन्ही टोकांना ढकलली गेली. वळवायला दुसरी पट्टी नसल्याचा अर्थ तेव्हा सगळ्यांना कळला. पुन्हा असं काम निघालं तर दुपारच्या विमानाचं तिकीट काढून ठेवणाऱ्यांची वेळ बदलणार, हे धरूनच चला.

हिवाळ्यातला उशीर मात्र इथला नसतो. नागपूरला धुकं दिल्लीइतकं नसतं, पण तुमचं विमान दिल्लीहून येणार असतं. ते तिकडून निघालंच नाही तर इथे स्वच्छ उन्हात बसून राहावं लागतं आणि फलकावर 'वेळेवर' असंच दिसत राहतं. फलकावर विश्वास ठेवू नका. विमानाचा माग दाखवणाऱ्या कुठल्याही ॲपवर आपल्या उड्डाणाचं विमान आत्ता कुठे आहे ते बघा. निघायच्या वेळेच्या तासभर आधी ते अजून दिल्लीच्या जमिनीवर असेल तर किमान तासाभराचा उशीर पक्का.

अशा वेळी हक्क काय ते पाठ असू द्या, कारण काउंटरवरचा माणूस स्वतःहून सांगत नाही. नागपूरहून मुंबई, पुणे, दिल्ली ही सगळी उड्डाणं अडीच तासांच्या आतली आहेत. त्यांना दोन तासांहून जास्त उशीर झाला आणि तुम्ही वेळेत चेक-इन केलेलं असेल तर खाणं-पिणं विमान कंपनीने द्यायचं. सहा तासांहून जास्त उशीर असेल तर सहा तासांच्या आत दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, निवड प्रवाशाची. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणारं विमान सहा तासांहून जास्त रखडलं तर हॉटेल. आगाऊ न कळवता रद्द केलं तर एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातली कमी असेल ती रक्कम भरपाई. धुकं, पाऊस यांसारख्या कारणांना भरपाई नाही, पण परतावा सुटत नाही. कारण लेखी मागा. 'ऑपरेशनल' हे कारण हवामान नव्हे.

वाढीबद्दल इथे सगळे बोलतात, म्हणून थोडं स्पष्ट. विमानतळ खासगी भागीदाराकडे देण्याची निविदा २०१८-१९ मध्ये जीएमआर या कंपनीने जिंकली, मार्च २०२० मध्ये ती रद्द झाली, ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द करणं चुकीचं ठरवलं, मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये शेवटची याचिका निकाली निघाल्यावर ऑक्टोबरात करार होऊन सुमारे ७,००० कोटींच्या विस्ताराची पायाभरणी झाली. इतकी वर्षं विदर्भातला प्रवासी २००८ च्या इमारतीत रांग लावत होता. या भागाला एम्स मिळालं, समृद्धी मिळाली, मेट्रो मिळाली, आणि या तिन्हींना जोडणारं दार लहानच राहिलं. हे बोचतं. नवं टर्मिनल उभं राहील तेव्हा न्यू एअरपोर्ट स्थानकाचं नाव खरं होईल. तोपर्यंत त्या स्थानकाच्या फलाटावर आणि गाडीतल्या घोषणेत 'चालू टर्मिनलसाठी इथे उतरू नये' हे एक वाक्य मराठी, हिंदी आणि इंग्रजीत हवं. त्याला सात हजार कोटी लागत नाहीत.

घ्यायला येणाऱ्यांसाठी शेवटचं. पार्किंगच्या अडथळ्यापाशी मिळणाऱ्या पावतीवर वेळ छापलेली असते, ती आत शिरतानाच वाचा आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा. बाहेर पडताना वाद झाला तर पुरावा तोच. टर्मिनलसमोरच्या पट्ट्यात गाडी उभी करून वाट बघत बसू नका, जॅमर लागतो. वर्धा रोडच्या कडेलाही थांबू नका, तिथे ट्रक वेगात असतात. विमान उतरलं की लगेच निघू नका, प्रवाशाचा 'बॅग मिळाली' असा फोन आल्यावर आत या. आणि प्रवाशाने बाहेर कोणत्या दाराशी किंवा खांबाशी उभं राहायचं ते फोनवरच ठरवा. 'बाहेर उभा आहे' एवढं सांगून रात्री दोन वाजता कुणी कुणाला सापडत नाही.